रोजगार हमी व बेकारी-संरक्षण : जव्हार–मोखाडा परिसर

काम करण्याची इच्छा व क्षमता असूनही ज्यांना काम मिळत नाही, त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी राज्यसंस्थेने काही प्रमाणात स्वीकारावी, या तत्त्वावर उभारलेल्या व्यवस्थेस बेकारी-संरक्षण म्हणतात. औद्योगिक देशांत हे संरक्षण मुख्यतः बेकारी विमा व रोख साहाय्य या रूपांनी विकसित झाले. ब्रिटनमधील १९११ चा राष्ट्रीय विमा अधिनियम हा त्याचा एक महत्त्वाचा आरंभीचा टप्पा होय. भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजार इ. प्रसंगी सार्वजनिक साहाय्य यांचा निर्देश आहे. परंतु तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत पाळावयाच्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी असल्याने न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाही. महाराष्ट्र राज्याने रोजगार हमी योजनेच्या द्वारे या तत्त्वास ग्रामीण भागापुरते कायद्याचे रूप दिले. त्यात रोख भत्त्याऐवजी प्रत्यक्ष काम हेच संरक्षणाचे मुख्य साधन मानले गेले. या हमीचे स्वरूप वेळोवेळीच्या सुधारणांनी कसे पालटत गेले आणि तिचे बळ व मर्यादा कोणत्या, हे पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या अनुभवावरून विशेष स्पष्ट होते.

परिसर व श्रमजीवन : जव्हार व मोखाडा हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील डोंगराळ तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, त्या दिवशी स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्यात त्यांचा समावेश झाला. जव्हार हे मुकणे घराण्याच्या संस्थानाचे राजधानीचे गाव असून ते संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात व तेथील दहा रहिवाशांपैकी सु. नऊ जण आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या तेथील प्रमुख जमाती होत. वांगणी हे जव्हार तालुक्यातील गाव असून मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील त्याच नावाच्या स्थानकाच्या गावाहून ते भिन्न आहे. शेजारच्या वावर या गावासह ‘वावर-वांगणी’ असा त्याचा जोडनावाने उल्लेख केला जातो.

या भागात पाऊस विपुल पडतो. परंतु तीव्र उतारामुळे पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीही टंचाई भासते. भात, नागली, वरई, उडीद व खुरासणी ही खरीप पिके एवढाच शेतीचा मुख्य आधार असतो. सिंचनाअभावी दुसरे पीक फारसे निघत नाही. त्यामुळे कापणी व झोडणी आटोपली की गावात काम उरत नाही. येथील बेकारी ही अशी मुख्यतः हंगामी स्वरूपाची आहे. ती दरवर्षी ठराविक वेळी येते व पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण इ. भागांतील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. भट्टीमालक पावसाळ्यात किंवा सणासुदीच्या तोंडावर कुटुंबास उचल देतो, हंगामात आठवड्याला खर्ची देतो आणि अखेरीस थापलेल्या विटांच्या हिशेबातून दोन्ही रकमा वळत्या करून घेतो. हिशेब अंगावर आल्यास पुढील वर्षीचे कामही त्याच मालकाकडे बांधले जाते. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी मालकाकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची पद्धत रूढ होती. १९४५ च्या वारली उठावाने ती पद्धत व वेठबिगार या दोहोंवर आघात केला आणि १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने संपूर्ण देशात नष्ट करण्यात आली. आगाऊ रकमेच्या मोबदल्यात श्रम बांधून देण्याचा व्यवहार मात्र हंगामी स्थलांतराच्या रूपाने चालू राहिला.

पूर्वपीठिका : गरजूंना रोख साहाय्याऐवजी काम द्यावे, ही कल्पना ब्रिटिश राजवटीतील दुष्काळी कामांपासून या प्रदेशास परिचित होती. १८७६–७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीनुसार पुरुष मजुराची रोजची मजुरी एक पौंड (सु. ४५० ग्रॅ.) धान्य व एक आणा इतकी खाली आणण्यात आली. एवढ्या मजुरीत कष्टाचे काम करणे अशक्य असल्याने १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर निरनिराळ्या प्रांतांत दुष्काळ संहिता तयार झाल्या. मजुरी कमी व श्रम अधिक ठेवल्यास खरोखरीचे गरजूच कामावर येतील, अशी ‘श्रमकसोटी’ त्यांमागे होती. निर्वाहासाठी पुरेशी मजुरी आणि गरजूंची निवड करण्यासाठी कमी मजुरी यांतील हा विरोध पुढे रोजगार हमी योजनेतही कायम राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती (१९६०–७८) वि. स. पागे (१९१०–९०) यांनी कामाच्या हमीची कल्पना मांडली. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे प्रायोगिक स्वरूपात ती राबविण्यात आली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत १९७२ मध्ये तिला राज्यव्यापी योजनेचे स्वरूप देण्यात आले. लगोलग पडलेल्या १९७२–७३ च्या भीषण दुष्काळात राज्याची सारी यंत्रणा दुष्काळी कामांकडे वळली. दुष्काळाच्या ऐन कडाक्यात या कामांवर सु. ५० लाख मजूर होते. एवढ्या मोठ्या समुदायास काम पुरविता येते, असा विश्वास या अनुभवाने शासनास दिला. त्याचप्रमाणे आपण काम मागू शकतो, ही जाणीव ग्रामीण मजुरांत रुजविली.

१९७७ चा अधिनियम : महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. ग्रामीण भागातील व ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या हद्दीतील जी प्रौढ व्यक्ती अकुशल अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असेल, तिला मागणीनंतर पंधरा दिवसांच्या आत काम देण्याचे बंधन शासनाने त्याद्वारे स्वतःवर घालून घेतले. दिवसांची कमाल मर्यादा त्यात नव्हती. मजुराने मात्र सलग किमान ३० दिवस काम करण्याची तयारी दाखविणे आवश्यक होते आणि कामाच्या प्रकाराची निवड त्याच्याकडे नव्हती. मुदतीत काम न दिल्यास रोज एक रुपयापेक्षा कमी नसेल असा बेकारभत्ता देय होता. खर्चासाठी रोजगार हमी निधी निर्माण करण्यात आला. १९७५ च्या अधिनियमान्वये बसविलेला व्यवसाय कर, त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटारवाहन कर इत्यादींवरील अधिभार आणि या उत्पन्नाइतकेच शासनाचे अंशदान यांतून तो उभा राहिला. अशा रीतीने मुंबईसारख्या शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांच्या करातून जव्हार–मोखाड्यासारख्या भागांतील बेकारांस काम मिळण्याची तरतूद झाली.

बेकारभत्ता ही या रचनेतील मुख्य तरतूद नसून शासनाच्या दिरंगाईवरील दंड होता. विमापद्धतीत बेकार व्यक्तीस ठराविक कालावधीपर्यंत रोख रक्कम आपोआप मिळू लागते; रोजगार हमीत मात्र काम काढले गेले तरच संरक्षण प्रत्यक्षात येते. मागणीची लेखी नोंद, कामांचा आगाऊ मंजूर संच, तहसीलदार व बांधकाम, पाटबंधारे, मृद्‌संधारण, वन इ. खात्यांतील मेळ, हजेरीपत्रक, मोजमाप आणि मजुरीवाटप या साखळीतील एक कडी जरी निखळली, तरी हमी निष्फळ ठरते. मागणीची पोच मजुराच्या हाती नसेल, तर पंधरा दिवसांची मुदत सुरू झाल्याचे सिद्ध करता येत नाही. योजनेच्या दीर्घ इतिहासात बेकारभत्ता क्वचितच दिला गेला, याचे हे एक प्रमुख कारण होय. मजुरी कामाच्या मोजमापावर ठरत असल्याने मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम व खडक यांचे दर भिन्न असत. डोंगराळ जमिनीत या वर्गवारीतील चूक थेट मजुराच्या मिळकतीत उतरते. मजगी (उतारावरील भातखाचरे तयार करणे), बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते व वृक्षलागवड ही डोंगराळ भागातील नेहमीची कामे होत. १९९० पासून फळबाग लागवडीची योजनाही रोजगार हमीशी जोडण्यात आली.

मजुरीवाढ व तिचे परिणाम : १९८०–९० या दशकाच्या मध्यास राज्यात या योजनेखाली वर्षाकाठी १५ ते १९ कोटी मनुष्यदिवस इतके काम दिले जात होते व मजुरांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील दुष्काळी कामांसंबंधीच्या संजित रॉय खटल्यात (१९८३) अशा कामांवरही किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही, असा निर्णय दिला होता. १९८८ मध्ये महाराष्ट्रातील शेतमजुरांच्या किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट झाले व हमीच्या कामावरील मजुरीही त्याबरोबर वाढली. मजुरी वाढल्यावर मजुरांची मागणी वाढणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात १९८९–९० पर्यंत कामाचे मनुष्यदिवस पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आले. मार्टिन रॅव्हेलियन प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या घटीचे कारण मागणीचा अभाव हे नसून उपलब्ध कामाचे नियंत्रित वाटप हे होय, असे दाखविले. कायद्यातील हमी एका अक्षरानेही न बदलता नवी कामे कमी काढून खर्चावर मर्यादा घालता येते, हे यावरून उघड झाले. त्यानंतरच्या काळात हमीसाठी वसूल होणाऱ्या करांचे उत्पन्न वाढत गेले. पण निधीचा मोठा भाग अखर्चित राहू लागला.

वावर-वांगणी : याच काळात, १९९२–९३ मध्ये, वावर-वांगणी परिसरात कुपोषण व त्याच्या अनुषंगाने येणारे आजार यांमुळे लहान मुलांचे मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाले आणि जव्हार–मोखाड्याचे नाव राज्यभर चर्चेत आले. आरोग्यसेवांचा अभाव, दळणवळणाची दुर्गमता, अल्पवयातील विवाह व मातांचे कुपोषण अशी अनेक कारणे त्यांमागे होती. बेकारी-संरक्षणाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ विशेष गंभीर आहे. ज्या राज्यात कामाची कायदेशीर हमी अंमलात येऊन तेरा वर्षे लोटली होती आणि मुंबईपासून जो परिसर फार दूर नव्हता, तेथील कुटुंबांच्या घरात मुलांना पुरेल इतके अन्न नव्हते.

हमीची रचना व येथील उपासमारीचा काळ यांतील विसंगतीही या घटनेच्या संदर्भात लक्षात घ्यावी लागते. या भागात घरातील धान्य पावसाळ्याच्या मध्यास, साधारणतः श्रावण–भाद्रपदात संपते. नवे पीक तेव्हा हाती आलेले नसते. नेमक्या याच काळात हमीची कामे मंदावतात. संततधारेत मातीकाम होत नाही आणि खरिपाच्या हंगामात शेतीस मजूर कमी पडू नयेत, असेही शासनाचे धोरण असते. स्वतःच्या अल्प जमिनीत राबणाऱ्या कुटुंबास या काळात काम असते, परंतु मिळकत नसते. म्हणून बेकारीच्या कायदेशीर व्याख्येत ते बसत नाही. अशा वेळी सावकाराचे किंवा भट्टीमालकाचे कर्ज हाच आधार उरतो आणि त्यातून पुढील हंगामाचे श्रम बांधले जातात. सावकारी पाशास आळा घालण्यासाठी १९७६ मध्ये आदिवासींच्या आर्थिक स्थितीत सुधारणा करणारा अधिनियम करण्यात आला होता व पावसाळ्यातील उपजीविकेसाठी खावटी कर्जाची योजनाही होती. वावर-वांगणीच्या घटनेनंतर जव्हार येथे अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय स्थापन झाले आणि १९९५ मध्ये आदिवासी क्षेत्रासाठी नवसंजीवन योजना सुरू करण्यात आली. आरोग्य, पोषण, धान्यपुरवठा, खावटी व रोजगार या विषयांतील निरनिराळ्या खात्यांच्या कार्यक्रमांचा तीत मेळ घालण्यात आला. रोजगाराची हमी एकटी पुरेशी नाही, याची ही शासकीय कबुलीच होती. तथापि कुपोषणाचा प्रश्न सुटला नाही. २०१६ मध्येही मोखाडा तालुक्यातील बालमृत्यूंमुळे तो पुन्हा ऐरणीवर आला.

राष्ट्रीय अधिनियम : महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार घेऊन संसदेने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संमत केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील २०० जिल्ह्यांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली व १ एप्रिल २००८ पासून तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांस लागू झाला. २००९ मध्ये त्यास महात्मा गांधी यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपल्या अधिनियमात तदनुरूप बदल केले. प्रत्येक कुटुंबास वर्षाला १०० दिवसांपर्यंतच्या कामाचा खर्च केंद्रीय अधिनियमानुसार व त्यापुढील दिवसांचा खर्च राज्याच्या निधीतून, अशी विभागणी त्यात झाली. व्यक्तीची हमी कुटुंबाची झाली, ती दिवसांत मोजली जाऊ लागली आणि ग्रामपंचायतीकडे नियोजनाचा व अंमलबजावणीचा मोठा वाटा आला. बेकारभत्त्याचा दर पहिल्या ३० दिवसांस मजुरीच्या किमान एक-चतुर्थांश व नंतर किमान निम्मा ठरला. अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्राकडे आणि भत्ता मात्र राज्याकडे ठेवण्यात आला. काम देणे राज्यास फुकट व काम नाकारणे महाग पडावे, हा त्यामागील हेतू होता.

पुढील सुधारणांनी या हमीचा आशय आणखी बदलला. १ जानेवारी २००९ पासून केंद्राने हमीची मजुरी स्वतंत्रपणे अधिसूचित करण्यास आरंभ केला व राज्यांच्या किमान वेतनाशी असलेला तिचा संबंध तुटला. महाराष्ट्रासाठी २०२५–२६ मधील अधिसूचित दर रोज ३१२ रुपये होता. मजुरी कामावर रोख वाटण्याऐवजी बँक किंवा डाक खात्यात जमा होऊ लागली. यामुळे हजेरीपत्रकावरील बनावट नावांस आळा बसला, परंतु खाते, आधार क्रमांक व जॉबकार्ड यांवरील तपशील जुळण्यावर मजुरी अवलंबून राहिली. १ जानेवारी २०२३ पासून कामावरील हजेरी भ्रमणध्वनीवरील छायाचित्राद्वारे नोंदविणे आणि १ जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेली वेतनप्रणाली आवश्यक करण्यात आली. भ्रमणध्वनीचे जाळे विरळ असलेल्या डोंगराळ पाड्यांत या अटींचा भार मजुरावरच अधिक पडतो. हमीची मजुरी पंधरा दिवसांत देणे बंधनकारक असूनही ती बहुधा उशिरा मिळते. भट्टीमालकाची उचल मात्र कामाआधी व खर्ची दर आठवड्यास मिळते. ज्या घरात आठवड्यापुरतेही धान्य शिल्लक नाही, त्या घराच्या दृष्टीने हा फरक मजुरीच्या दरातील फरकापेक्षा निर्णायक ठरतो. गावात काम मंजूर असतानाही कुटुंबे स्थलांतर करतात, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

२०२० मधील करोना महामारीच्या टाळेबंदीत शहरांकडील रोजगार एकाएकी थांबला आणि स्थलांतरित मजूर गावी परतले. २०२०–२१ मध्ये देशात या अधिनियमाखाली सु. ३८९ कोटी मनुष्यदिवस काम दिले गेले. एरवी स्थलांतरामुळे झाकला जाणारा बेकारीचा आकार त्या वर्षी उघड झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या अधिनियमाची जागा घेणारा, विकसित भारत–रोजगार व आजीविका हमीविषयक नवा अधिनियम संमत केला. त्यात कामाची मर्यादा कुटुंबास १२५ दिवस करण्यात आली; खर्चाचा बोजा बहुतेक राज्यांच्या बाबतीत केंद्र व राज्य यांच्यात ६० : ४० या प्रमाणात विभागण्यात आला; केंद्राचा वाटा राज्यनिहाय नियतव्ययाने मर्यादित झाला आणि पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद करण्यात आली. दिवस वाढले तरी वाढीव मागणीचा आर्थिक भार राज्यांवर आला. त्याचप्रमाणे शेतीच्या हंगामातील खंड हा धान्यटंचाईच्या काळाशी कितपत जुळेल, हा प्रश्न जव्हार–मोखाड्यासारख्या भागांत कळीचा ठरतो.

मूल्यमापन : श्रमविषयक सुधारणांमुळे बेकारी-संरक्षणाचे स्वरूप पालटण्याची प्रक्रिया अन्यत्रही आढळते. ब्रिटनमध्ये १९९६ पासून बेकारभत्त्याची जागा कामशोधाच्या अटीवर मिळणाऱ्या भत्त्याने घेतली. जर्मनीत १ जानेवारी २००५ पासून दीर्घकालीन बेकारांचे साहाय्य व सामाजिक साहाय्य एकत्र करून त्यास काम स्वीकारण्याच्या अटी जोडण्यात आल्या. तेथे रोख साहाय्य आधी होते व कामाची अट नंतर आली. महाराष्ट्रात संरक्षणाचा पायाच काम हा होता. म्हणून येथील सुधारणांचा परिणाम भत्त्याच्या रकमेतून न दिसता कामे किती निघतात, कोणत्या महिन्यांत निघतात, मोजमाप कसे होते व मजुरी केव्हा हाती पडते, यांतून दिसतो. कायदा रद्द न करता संरक्षण आक्रसू शकते, तसेच तो न बदलता विस्तारूही शकते.

रोजगार हमीने ग्रामीण मजुरास दुष्काळी मदतीच्या याचकाऐवजी कामाचा हक्कदार मानले. स्त्रियांना गावाजवळ पुरुषांइतक्याच दराने काम उपलब्ध करून दिले आणि मजगी, बांध, विहिरी व फळबागा यांच्या रूपाने काही टिकाऊ साधनेही निर्माण केली. जेथे अशा साधनांमुळे दुसरे पीक शक्य झाले, तेथे हमीची गरजच कमी होते व तेच तिचे खरे यश मानावे लागेल. ज्या पाड्यांवर दिवाळीनंतर वेळेवर काम निघत नाही किंवा पावसाळ्यात धान्य पुरत नाही, तेथे मात्र हमीची जागा उचल घेते. कागदावरील हक्क आणि घरातील अन्न यांच्यामध्ये महिन्यांचेही अंतर पडू देता येत नाही, हे वावर-वांगणीच्या घटनेने दाखवून दिले. बेकारी-संरक्षणाच्या कोणत्याही सुधारणेचे मूल्य, तिच्यामुळे हे अंतर घटते की वाढते, यावरूनच ठरवावे लागते.